पिंपरणीखालचा ओटा

पिंपरणीसारखं घाण करणारं झाड नाही बघा. पानं, काटक्या, कुजकी फळं आणि वर बगळ्यांची शीट. झाडून झाडून माणसानं थकावं, झाड काही थकायचं नाही. तरी अजिनाथनं दारापुढच्या त्याच झाडाखाली ओटा बांधायला घेतला, तो आईसाठी. दिवाळी झाली की तो आणि बायको सविता ऊसतोडीला जाणार आणि मागं म्हातारी बनुबाई एकटी राहणार. निदान सावलीला टेकून चार माणसांशी बोलावं तिनं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

बुडाशी पडलेले दगडधोंडे त्यानं भरीला टाकले. पाथर्डीहून फरशी आणून बसवली, कडेनं झेंडू लावला. ओटा कसा देखणा झाला!

निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर कचऱ्याचा थर होता. त्यात नवल कसलं? पण मधोमध एक माणूस मांडी घालून बसेल एवढी फरशी लख्ख होती. अजिनाथनं सगळा ओटा झाडला आणि बघत उभा राहिला. पानं गळत होती. त्या जागेवर आलेलं पान मात्र हवेतच अडायचं आणि बाजूला घसरायचं. शिवारात उसाचं कांडं नव्हतं, तरी ओल्या उसाचा वास येत होता.

"आये... हितं कोन बसतं गं?"

बनुबाई ओट्याजवळ आली. "बुडाशी फडकं हुतं रं. त्यातला खडा... कुटं टाकलास?"

अजिनाथचा बाप मच्छिंद्र मागच्या हंगामात उसाच्या फडातच गेला. अग्नी तिकडंच दिला. गेलेल्याचा जीव ज्यात राहतो म्हणतात, तो चितेजवळचा जीवखडा तेवढा फडक्यात बांधून घरी आणला, पैठणला गंगेत सोडायचा म्हणून. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो झाडाच्या बुडाशीच राहिला. फडकं कुजलं, आणि धोंड्यांबरोबर बापाचा खडाही त्यानं स्वतःच्या हातानं भरीत घातला.

"फोडतो मी ह्यो ओटा!" त्यानं पहार उचलली.

तेवढ्यात बनुबाई जाऊन त्या मोकळ्या जागेला लागून बसली. "ऱ्हाऊ दे. तेवढीच मला सोबत."

"आये, ऊठ तिथनं... पाया पडतो तुज्या..."

ती हलली नाही. रस्त्यावर ट्रक सारखा हॉर्न देत होता, सगळी टोळी वर बसून खोळंबली होती. सवितानं हाताला धरून ओढलं तेव्हा तो रडतच चढला.

तिकडं फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत त्याला घास गोड लागेना. पंधरवड्यानं शेजारच्या केशरबाईंनी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल ओट्याकडं धरला. ओटा पानांनी गच्च भरला होता. मधे दोन जागा लख्ख होत्या, एकीला एक लागून.

"काकू, आये कुटं हाय?"

"ही काय, म्होरंच बसलीया की! दिसंना व्हय तुला?"

अजिनाथनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. तरी दोन्ही जागा रिकाम्याच.

"जेवलास का रं बाळा?" आईचाच आवाज होता.

वरून एक पिवळं पान आलं, दुसऱ्या जागेवर हवेतच अडलं आणि हळूच बाजूला घसरलं.