परक्याच्या लेकराला दिलेली किडनी

"परक्याच्या लेकराला किडनी देणार? आणि आमच्या पोरीने काय करायचं?"

आजीचा आवाज कडाडला आणि चिमणीच्या सावत्र आईच्या हातातली इस्त्री चिमणीच्या फ्रॉकवरच थबकली. करपल्याचा वास आला तशी तिने ती चटकन उचलली... पण काळजाला बसलेला चटका कसा निघावा!

चिमणीची जन्मदाती गेल्यावर दोन वर्षांनी ती या घरात आली, आणि आजी म्हणजे त्या गेलेल्या लेकीची आई. "सावत्र ती सावत्रच!" हे आजीचं पालुपद तिने मुकाट्याने गिळलं होतं.

बापाची किडनी चिमणीच्या शरीराने वर्षभरातच नाकारली होती. तेव्हापासून तिच्या रक्तात अशा अँटीबॉडीज तयार झाल्या, की शंभरातल्या नव्व्याण्णव जणांची किडनी तिला चालेना. या सावत्र आईचीही चालली नाही. नऊ वर्षांची पोर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत... लघवी बंद झालेली, आणि पाणीसुद्धा घोट मोजून!

"आजी, ऐका तरी! त्या मुलाला त्याच्या मामाची किडनी चालत नाही, माझी चालते. आणि मामाची आपल्या चिमणीला चालते! डॉक्टर सात महिने ही जोडी शोधत होते."

"आणि मामा ऐनवेळी फिरला तर?"

"आम्हा दोघांचं ऑपरेशन एकाच वेळी आहे."

आजी तिच्यासमोर येऊन बसली. "म्हणजे... तू स्वतःला चिरून घेणार? आमच्या चिमणीसाठी?"

"आपल्या चिमणीसाठी, आजी."

आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "नाही नाही ते बोलले गं तुला... जीभ का झडली नाही माझी!"

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच तिने पाहिलं, तर उशाशी आजी!

"चिमणी...?"

"अगं, नवी किडनी टेबलावरच कामाला लागली! तो मुलगाही ठणठणीत. त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडली, मीही भोकाड पसरलं... शेवटी नर्सने आम्हा दोघींना बाहेर काढलं!"

"हसवू नका हो... टाके दुखतात!"

सहाव्या दिवशी चिमणीची लघवीची नळी काढली. थोड्याच वेळात बाथरूममधून आरोळी आली, "आई! आई गं! मला शू झाली! केवढी तरी झाली!"

अख्खा वॉर्ड खदखदून हसला. ती मात्र खिळल्यासारखी उभी... गाल ओले झालेले तिला कळलेही नाहीत.

"अगं, तुलाच हाक मारतेय ती," आजीने पदराने स्वतःचे डोळे टिपले आणि हात पुढे केला. "चल... सावकाश. माझा हात धर."