पोटात शिडी असलेला मासा

सकाळचा चहा घेता घेता आदल्या दिवशी काढलेले फोटो बघायचे आणि मग कामाला बसायचं, हा समिधाचा कर्जतला राहायला आल्यापासूनचा नेम होता. फोटो कशाचेही असत. टेंपोच्या मागच्या फळीवर रंगवलेलं कमळ, सलूनच्या काचेवरची झिजलेली अक्षरं, उल्हास नदीच्या काठी वाळत घातलेल्या गोधड्या, कापणीनंतर शेतात उरलेल्या भाताच्या खुंटांच्या रांगा. फोनमधल्या त्या फोल्डरला तिनं नाव दिलं होतं ‘कच्चा माल’. लोणच्याचं लेबल असो की दातांच्या डॉक्टरची पाटी, रंग आणि रेषा ती याच मालातून उचलायची, आणि कुठली गोष्ट कुठून आली हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

ही सवय तिनं मुद्दाम लावून घेतली होती. मुंबईच्या जाहिरात कंपनीत असताना तिची चित्रं साहेबांच्या नावानं जात. एकदा तिच्याच पोस्टरला बक्षीस मिळालं, साहेब स्टेजवर गेले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा तिनं एवढंच ठरवलं, की दुसऱ्याचं घ्यायचं नाही आणि आपलं कुणाला घेऊ द्यायचं नाही.

दिवाळी उलटल्यावर लोधिवलीचा हर्षद तिच्याकडे आला. घरचा हातसडीचा तांदूळ त्याला पिशव्यांतून विकायचा होता.

“काहीतरी आपल्या मातीतलं काढा मॅडम,” तो म्हणाला. “पण बैलगाडी नको. बैलगाडी सगळ्यांचीच असते.”

पुढचे काही दिवस समिधानं बरेच कागद वाया घालवले. मग एका सकाळी टॅबलेटवर पेन टेकवलं आणि हात थांबलाच नाही. एक बगळा उतरला. मान पूर्ण मागे वळवलेली, डोळे मिटलेले, चोचीत भाताची लोंबी. पायाच्या शेवटच्या बोटाशी पेन घसरलं आणि रेषेला एक वाकडा आकडा आला. पुसायला गेली, पण तो आकडा बरा दिसत होता. तिनं तसाच ठेवला.

सवयीनं तिनं ‘कच्चा माल’ उघडला. हा बगळा कुठून आला असेल? सगळे फोटो पालथे घातले. बगळे होते, पण असा कुठेच नव्हता. चला, हा निखळ आपला, असं म्हणत तिनं चित्र हर्षदला पाठवून दिलं.

दुपारी त्याचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“मॅडम, तुम्ही आमच्या घरी कधी आला होतात का?”

“नाही. का?”

“मग आमच्या दाराचा फोटो तुम्हाला कुणी दिला?”

तिला काहीच कळेना. फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. ती स्कूटर काढून लोधिवलीला गेली. हर्षद अंगणात उभा होता. त्यानं बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्याचे वडील येसाजी मात्र ओसरीवरून उठले आणि तिला मागच्या अंगाला घेऊन गेले. भाताची खोली होती ती. आत अंधार, कोंड्याचा आणि उंदरांचा वास. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आतल्या फळीवर बॅटरीचा झोत टाकला.

मान मागे वळवलेली. डोळे मिटलेले. चोचीत लोंबी.

रंग निळा असावा, आता काजळीनं जवळजवळ काळा पडला होता. लाकूड चिरलं होतं आणि चीर बगळ्याच्या पोटातून गेली होती. समिधा खाली वाकली. शेवटच्या बोटाशी वाकडा आकडा होता. हात घसरल्यावर येतो तसा.

“हे कुणी काढलंय?”

“कोन जाणे,” येसाजी म्हणाले. “मला कळतं तवापासून हायच हे. माज्या आज्यानं बी असंच बघितलेलं.”

“आत येऊन फोटो काढल्याशिवाय असं जमतं का, आबा?” मागोमाग आत आलेला हर्षद म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

येसाजींनी बॅटरी विझवली. “खोलीची चावी माज्या करगोट्याला असते रं,” ते म्हणाले. “ती आत आली कशी, ते तू सांग.”

हर्षद अंगणात निघून गेला. परतताना चौक गावाच्या पुढे तिनं स्कूटर बाजूला घेतली. लहानपणी कधी आईबाबांबरोबर या घरात आलो होतो का? आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, लोधिवली कुठे आली?

समिधा हिशेबानं विचार करणारी होती. एखादी रेषा दोघांना सुचू शकते, हे तिला मान्य होतं. मान वळवलेला बगळासुद्धा सुचू शकतो. पण चूक? चूक कशी सुचेल?

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून एक गोष्ट केली. टॅबलेट बंद केला, फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि साध्या कागदावर पेन्सिलीनं, जे जगात कुठे असूच शकत नाही असं काहीतरी काढायला घेतलं. एक मासा काढला. त्याच्या पोटात शिडी काढली. शिडीच्या पायऱ्या वर वर अरुंद होत तोंडापर्यंत गेल्या. डोळा काढायचा राहिला होता, तेवढ्यात आत फोन वाजला.

हर्षद होता. “मॅडम, आबा म्हणतात तोच बगळा ठेवा. घरचंच चित्र आहे.” मग म्हणाला, “पण पिशवीवर तुमचं नाव नको. आमच्या घराण्याचं चित्र म्हणून छापू.”

याच गोष्टीपायी तिनं नोकरी सोडली होती. तरी ती “बरं” म्हणाली. भांडायला लागणारी खात्रीच तिच्याकडे उरली नव्हती.

माशाचा कागद तिनं गॅसवर धरून जाळला. राख बेसिनमध्ये सोडली आणि वरून नळ सोडला. तो मासा कुणीही पाहिला नव्हता.

मन ठिकाणावर आणायला ती नेहमी जवळच्या कोंडाणे लेण्याला जायची. डोंगरातल्या त्या लेण्याच्या कमानी तिला आवडत. पाण्यानं खाल्लेल्या दगडावर जी नक्षी उमटली होती ती कुणाचीच नव्हती, म्हणून तर जास्तच. त्या दुपारी मात्र तिनं एकही फोटो काढला नाही. थोडा वेळ बसली आणि उतरली. ऊन डिसेंबरातलं असलं तरी लागत होतं, आणि पाण्याची बाटली स्कूटरलाच राहिली होती. पायथ्याच्या ठाकरवाडीत, वाटेला लागून असलेल्या एका घरापुढे म्हातारी बाई सूप घेऊन बसली होती.

“आजी, पाणी मिळेल का?”

म्हातारीनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सूप खाली ठेवलं.

“लई उशीर केलास गं,” ती म्हणाली. “ये. आत ये.”

ओळखण्यात चूक होतेय, असं समिधा सांगणार होती. पण म्हातारी आत गेली होती, आणि तहान लागली होती. ती वाकून उंबरा ओलांडून गेली. आत गारवा होता. चुलीचा धूर, ओल्या मातीचा वास. सगळ्या भिंती ताज्या सारवलेल्या होत्या. एकच भिंत सोडून.

त्या भिंतीवर, धुरानं पिवळ्या पडलेल्या तांदळाच्या पिठात, मासा होता.

त्याच्या पोटात शिडी होती.

म्हातारीनं दिलेला पाण्याचा तांब्या समिधानं खाली ठेवला. पाणी प्यायचं राहिलं. शिडीच्या पायऱ्या तिनं डोळ्यांनी वर वर मोजत नेल्या आणि मध्येच सोडून दिल्या. डोळ्याची जागा मोकळी होती.

“आजी, हे कुणी काढलं?”

“धोंडूबाई म्हन. आजी काय.” म्हातारी भिंतीपाशी येऊन उभी राहिली. “माज्या लग्नातला हाय तो. बाया भिंतीवर लग्नाचा चौक काढत व्हत्या. एक बाई आली, पानी मागाया. पानी पिली नाय. बसली आन हा काढला.”

“कोण बाई?”

“मी काय इचारलं नाय. नवी नवरी व्हते मी.” धोंडूबाई हसली. पुढचे दात नव्हते. “जाताना म्हनली, डोळा राहिलाय, मी येते. तवर भिंत सारवू नका. सासू म्हनायची, सारव. मी नाय सारवली.”

“मग त्याला एवढी वर्षं झाली. ती तर आता…”

“म्हातारी झाली आसंल? व्हय. मी पन तेच म्हनायची.” धोंडूबाईनं तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि नजर वळवली. “जाऊ दे.”

ती कोपऱ्यात गेली आणि एक वाटी घेऊन आली. वाटीत वाटलेल्या तांदळाचं पांढरं पीठ होतं, पातळ, ताजं.

“हे कधी वाटलंत?” समिधानं विचारलं.

“सकाळी.”

“कशाला?”

धोंडूबाई वाटी पुढे धरून उभी राहिली.

समिधाला निघून जायचं होतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, कोंबड्या होत्या. पण म्हातारी अशी उभी, आणि भिंतीवरची ती मोकळी जागा. काम अर्धं टाकणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं बोट वाटीत बुडवलं.

एक गोल. आत एक ठिपका.

भिंत गार होती. पिवळट जुन्या रेषांमध्ये तो डोळा पांढराशुभ्र, ओला चमकत होता. एक बारीक ओघळ खाली आला, तो तिनं बोटानं टिपला.

धोंडूबाईनं खाली बसत मोठा श्वास सोडला. “आता सारवीन,” ती म्हणाली.

समिधानं फोन काढला आणि एक फोटो घेतला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा. मग पाणी न पिताच बाहेर पडली आणि थेट कर्जतला आली.

घरी आल्यावर तिनं बोटाला लागलेलं पीठसुद्धा न धुता फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. मासा होता. शिडी होती. डोळाही होता, पण पिवळा पडलेला, बाकीच्या रेषांइतकाच, बारीक चिरांनी भरलेला. तिनं फोटो आणखी मोठा केला.

डोळ्याच्या अर्ध्या भागावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. घर वाळून खडखडीत झालं होतं, आणि त्याची सगळी भोकं फुटून मोकळी झालेली होती; आतल्या माश्या कधीच्याच उडून गेल्या होत्या.