दुसरी खुर्ची

तुम्ही विश्वास ठेवावाच, असा माझा हट्ट नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती. शुक्रवारची लख्ख दुपार होती. चौथा मजला. आम्हीच डिझाइन केलेली इमारत.

लेक मांडीवर झोपलीय, तोवर लिहून घेते.

मी आणि माझी सख्खी मोठी बहीण, ताई, ऑफिसच्या इमारतींचं डिझाइन करायचो. शहर वाढतंय, पण माणसं अर्धा आठवडा घरूनच काम करतात. त्यामुळे कुणाचं ठरलेलं टेबल नसतं. मोबाइलवर जागा बुक करायची, उठलात की ती दुसऱ्याची. दिवेही आपोआप. माणूस हललं की लागतात, हललं नाही की थोड्या वेळानं विझतात.

मी चित्रात मान खुपसून बसले की माझा दिवा हमखास विझायचा. पलीकडून ताई ओरडायची,

"ठमे, हल गं! दिव्याला वाटतंय तू गेलीस!"

मला दिवस गेले, तेव्हा तिनं या इमारतीत एक छोटी खोली भांडून मिळवली. बाळाला पाजण्यासाठी. मऊ उजेड, जाड पडदा आणि दोन खुर्च्या.

"पाजायला दोन माणसं लागतात होय?" इमारतीचे मॅनेजर हसले.

"मग काय, नव्या आईला एकटीला बसवायचं?" ताई म्हणाली. आणि माझ्या कानात, "दुसरी माझी. मावशीची."

खुर्च्या आल्या, तेव्हा ताई नव्हती.

साध्या तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात तिचा हात धरून मी म्हणत राहिले, "ताई, हल ना गं..."

ती हलली नाही.

मग लेक झाली. तिला मावशी दिसलीच नाही.

इमारत सुरू झाली आणि तक्रार आली. त्या खोलीतला दिवा विझतच नाही.

दारावर उजेडाची एक पट्टी आहे. आत कुणी असलं की लाल, नसलं की हिरवी. ती कायम लाल. त्यामुळे खोली बुकच होईना. बिचाऱ्या आया बाथरूममध्ये उभ्या राहून पाजत होत्या.

वायरमननं सेन्सर बदलला. पुन्हा बदलला. एसी बंद केला, पडदा काढून पाहिला.

"मॅडम, सेन्सर चोख आहे," तो हळूच म्हणाला. "आत काहीतरी हलतंय..."

मॅनेजर वैतागले. "सोमवारी पाडतो आणि स्टोअररूम करतो. डोक्याला ताप नको."

ताईची खोली. मी लेकीला घेऊन तडक गेले.

शुक्रवारी सगळे घरून काम करतात. मजला रिकामा. खोली मधोमध, खिडक्यांपासून लांब; तिथे दुपारीही दिवे लागतात. मी चालेन तसे पुढचे दिवे लागत होते, मागचे विझत होते.

पट्टी लाल.

मी दार वाजवलं. का, कोण जाणे.

आत कुणी नव्हतं. पहिल्या खुर्चीत बसून मी लेकीला पाजायला घेतलं. अगदी न हलता.

अर्धवट लोटलेल्या दारातून दिसणारे बाहेरचे दिवे विझत गेले. एक रांग... दुसरी... अंधार दारापर्यंत आला.

आमचा दिवा मात्र लागलेलाच.

लेकीनं पिणं थांबवलं. मान वळवली. दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं... गादीकडे नाही, जरा वर. बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तिथे.

तिनं हात पुढे केला. मूठ मिटली. माझं बोट धरते ना, अगदी तशी. मुठीत काहीच नव्हतं...

आणि ती मूठ हळूहळू वर-खाली डुलायला लागली.

लेक स्वतः हात हलवत नव्हती. मीही नाही.

घाबरले नाही मी, शपथ. रडू फुटलं.

"बघितलंस ना तिला? नाक तुझंच घेतलंय, बाई. पण तू असलीस की पट्टी लाल राहते गं. बाकीच्या आयांना बसता येत नाही. सोमवारी तुझी खोली पाडतील..."

मूठ थांबली.

हॉस्पिटलात जे मागत होते, त्याच्या नेमकं उलट मला बोलावं लागलं.

"ताई... आता नको ना हलूस."

लेकीची मूठ उघडली. तिनं रडवेले ओठ काढले.

खूप वेळ काहीच झालं नाही.

मग दिवा विझला. दाराच्या फटीतून हिरवा उजेड आत आला.

खोली वाचली. आता आया येतात, दुसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवतात, निवांत पाजतात. मॅनेजर म्हणतात, "शेवटी सेन्सरच खराब होता बघा."

मी मान हलवते.

पण अजून शुक्रवारी लेकीला घेऊन जाते. पर्स जमिनीवर ठेवते. स्थिर बसते. दिवा विझतो. मी हात हलवून तो लावत नाही.

लेकीची नजर अंधारातही त्याच बाजूला वळते...

ताई गेली असेल का?

की माझं ऐकून, शेजारीच, अगदी न हलता बसलीय?