गाठीचा सूर

"प्रवासी नसतील तर मी पाच मिनिटांत परत जाईन," दारातली विनाचालक रिक्षा म्हणाली.

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "मला दवाखान्यात जायचंच नाही."

आईच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. आज सुईने गाठीतला अंश काढून तपासणी होणार होती. पण आवाजाच्या लहरींनी गाठ फोडायला तिने मागवलेलं लहरयंत्र सकाळीच आलं होतं, आणि तिने ते सुरूही केलं होतं.

आई गाणं शिकवायची. मिरजेतल्या त्या घरात सगळंच सुरात मोजलं जाई. "सूर जुळला की काचेचा पेला तडकतो," ती म्हणाली. "मग गाठीलाही तिचा सूर असेलच की!"

तिची मुलगी नभा आजोबांकडे वळली. "आजोबा, खरंच फुटेल?"

आजोबा, म्हणजे आईचे बाबा, ध्वनीचे शास्त्रज्ञ. त्यांनी जोडीच्या तंबोऱ्यांपैकी एकाच्या तारेवर कागदाचा कपटा ठेवला आणि दुसऱ्याची तीच तार छेडली. कपटा उडाला!

"दोन्ही तारांची वारंवारिता (एका सेकंदातली कंपनं) सारखी आहे. म्हणून हात न लावता कपट्याची तार थरथरली. हा अनुनाद."

"बघा! मी तेच म्हणतेय, बाबा."

"थांब. नभा, कणीक आण."

त्यांनी त्या तारेवर कणकेचा गोळा दाबला, नवा कपटा ठेवला. पुन्हा दुसरी तार छेडली. कपटा हलला नाही.

"मऊ, ओल्या वस्तूत कंपनं लगेच विरतात. गाठ अशीच असते."

"आणि ती आईच्याच पेशींची (शरीराच्या सूक्ष्म घटकांची) ना?" नभा म्हणाली. "मग ज्या सुराने गाठ फुटेल, त्याने गळाही..."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "पेशी जास्त वाढल्या की गाठ होते. आजूबाजूला घुसत नाही, दूर पसरत नाही, ती सौम्य गाठ. गळ्यावरच्या बहुतेक गाठी सौम्यच असतात. पण ते बाहेरून कळत नाही, पेशी तपासाव्या लागतात."

"आणि सौम्य नसली तर?" आईने विचारलं.

"तर जितकं लवकर कळेल तितकं बरं, वैदेही."

"शेवटचं विचारते," रिक्षा म्हणाली.

नभाने यंत्राचं बटण बंद केलं आणि आईच्या चपला पुढे ठेवल्या.

तपासणीनंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. गाठ सौम्य होती! सध्या फक्त लक्ष ठेवायचं होतं.

"मग आवाजाने गाठ कधीच बरी होत नाही?" नभाने विचारलं.

"काही गाठींवर ध्वनीने उपचार होतात," आजोबा म्हणाले. " भिंगाने ऊन एका बिंदूवर आणतो ना, तशा श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरी गाठीवर एकवटतात. तिथे सूर नाही, उष्णता काम करते. कुठल्या गाठीला ते चालेल, हेही तपासूनच ठरतं. अजून पुष्कळ शोधायचं आहे. तू शोध."

"आधी माझ्या तारेवरची कणीक काढा दोघं!" आई ओरडली. "रियाजाला बसायचंय मला."