पाठीमागून मोजलेली लाट

आंटी मोमीच्या वाफ्यांत कंदकुज शिरली आणि आमच्या घराण्याचा अळू संपला. काळपट देठाचा, कुटला की जांभळट पोई, म्हणजे उकडलेल्या कंदाचा घट्ट लगदा, देणारा हा वाण हवाईतल्या आमच्या मोलोकाई बेटावर आणखी कुणाकडेच नव्हता. एकच आशा उरली होती, वाइलाऊची दरी. आंटीचे आजी-आजोबा तिथले. माणसं तिथून केव्हाच उठून गेली. पण ओढ्याकाठच्या जुन्या वाफ्यांत तो अळू अजून तग धरून आहे, असं एका शिकाऱ्याने तिला सांगितलं होतं. तिथून हुली आणायच्या होत्या. हुली म्हणजे कंदाच्या माथ्याची चकती आणि तिच्यावरचा देठ. चिखलात रोवला की पुन्हा रुजतो. एवढ्यासाठीच आमची मोहीम निघाली!

आम्ही तिघंच होतो. आंटी मोमी, तिचा धाकटा भाऊ अंकल काइपो आणि त्यांची भाची मी, केहाऊ. नाव अंकलची. मी नुकतीच हिलोहून समुद्रविज्ञान शिकून आले होते, म्हणून लाटांची जबाबदारी माझ्याकडे, असं अंकल चारचौघांत सांगायचा आणि निर्णय स्वतः घ्यायचा.

वाइलाऊला रस्ता नाही. तीन बाजूंना कडे, चौथीकडे उत्तरेचा समुद्र. उन्हाळ्यात तो वाट देतो, हिवाळ्यात देत नाही. आणि सप्टेंबर संपत आला होता. दूर उत्तरेला, अल्यूशियन बेटांजवळ, हंगामातलं पहिलं वादळ घोंघावून गेलं होतं. त्याची लाट आधी कवाई बेटावर पोचते, मग ओआहूवर, मग आमच्याकडे. म्हणून सिग्नल मिळतो त्या शेवटच्या चढावर गाडी थांबवून अंकलने कवाईला फोन लावला. तिथे त्याचा पुतण्या इकाइका किनाऱ्यावर जीवरक्षक आहे.

"किती आहे रे?... पाच फूट? बस?... बरं, बायकोला सांग, मासे पाठवतो." त्याने फोन ठेवला. "पाच. चला!"

"कुठले पाच?" मी विचारलं.

आमच्या बेटांवर लाट पाठीमागून मोजतात. समोरून दिसते ती जवळजवळ दुप्पट. सरकारी हवामान खातं मात्र समोरूनच मोजतं. सरकारी पाच फुटांत आम्ही पोहून किनारा गाठू शकलो असतो. आमचे पाच म्हणजे सरळ घरी परतायचं.

"सरकारी," अंकल म्हणाला. "पोरगा आता सरकारचा पगार खातो, सरकारचेच फूट बोलणार ना!"

"पुन्हा फोन करून विचारा ना."

"आणि तो हसेल ते? अंकल म्हातारा झाला, फूट विसरला म्हणेल! बस गाडीत."

आंटी केव्हाच गाडीत जाऊन बसली होती. तिला जायचंच होतं.

हालावाच्या खाडीतून आम्ही निघालो तेव्हा वारा पडलेला होता. व्यापारी वाऱ्यांनी जणू सुट्टी घेतली होती. समुद्र तेलासारखा गुळगुळीत, कड्यांवरून पडणारे धबधबे सरळ रेषेत खाली येत होते, आणि पांढरे कोए पक्षी शेपटीचं लांब पीस मिरवत आमच्यावरून जात होते. "बघ तुझं वादळ!" अंकल हसला. मी हसले नाही. लांबून आलेली लाट खोल पाण्यात दिसत नाही. ती फक्त नाव उचलते आणि खाली ठेवते. आमची नाव अगदी सावकाश वर जात होती. अगदी सावकाश खाली येत होती.

वाइलाऊला किनारा म्हणजे नुसते गोटे, कलिंगडाएवढे. नाव लागत नाही. अंकल नावेत थांबला; आंटी आणि मी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या ओढत पोहून गेलो. ओढ्याकाठाने वर चढलो. केळी, आलं, जंगली पेरू यांच्या गचपणात दगडी बांध सापडले. आणि बांधाआड, गुडघाभर पाण्यात, काळपट देठ!

आंटी चिखलात बसलीच. पानावर हात फिरवत म्हणाली, "एवढी वर्षं कुणी आलं नाही ना गं? आले बघ मी."

पिशव्या भरून आम्ही खाली आलो, तेव्हा आवाज बदलला होता. लाटेचं पाणी मागे परतताना गोटे एकमेकांवर आपटत होते. जमीन थरथरत होती. समोरून मोजली तर लाट दहा फुटांची होती, आणि वाढत होती.

अंकलने नांगर उचलला होता. दूर नावेत उभा राहून तो दोन्ही हात हलवत होता. या! आत्ता या!

"लाटा टोळीने येतात," मी आंटीला म्हटलं. "मध्ये उसंत असते. मी सांगेन तेव्हा."

मी दोन टोळ्या पाहिल्या. उसंत पुरेशी वाटली. "आता!"

आम्ही झेपावलो. पाणी गार होतं, फेसाने पांढरं. अर्ध्या वाटेत क्षितिज उचललं गेलं. टोळी लवकर आली होती! "पिशवी सोडा!" मी ओरडले आणि माझी सोडली. आंटीने पट्टा मनगटाला गुंडाळलेला. लाटेने पिशवी धरली, पिशवीने आंटीला ओढलं. मी बुडी मारली. अंधार. गडगडाट. मग गोटे, पाठीखाली, डोक्याशी, सगळीकडे!

भानावर येताच मी आंटीला केसांना धरून पाण्याबाहेर ओढलं. तिचा उजवा हात कोपराच्या वर नको तिथे वाकला होता. पिशवी फाटून हुली फेसात विखुरल्या होत्या. मी सोडलेली पिशवी मात्र समुद्राने गोट्यांवर आणून टाकली होती, धड.

अंकलने पाहिलं. त्याची नाव एकदा आमच्याकडे वळली. "नको!" आंटी ओरडली, जणू ऐकू जाणार होतं. "काइपो, मरशील!" नाव लाटेवर उभी राहिली, आडवी झाली, सावरली. मग ती वळली आणि भूशिराकडे निघाली. पुढची लाट मध्ये आली. ती गेली तेव्हा नाव दिसत नव्हती.

कड्यांआड रेडिओ पोचत नाही, फोन तर नाहीच. अंकल भूशिरापलीकडे गेला की खाली गेला, कळायला मार्ग नव्हता. लाट किती वेगाने येते, कधी फुटते, हे मला गणिताने मांडता येतं. मी बसून पाहत राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं.

केळीच्या सोपाने मी आंटीचा हात बांधला. दुपार कलली.

"पिशवीत उकडून मरतील त्या," आंटी अचानक म्हणाली. "वर जा. लाव."

"आंटी, उद्या कुणी आलं तर—"

"आणि नाही आलं तर?"

मी गेले. तण उपटलं, ओढ्याचं पाणी वाफ्यात वळवलं आणि अंधारायच्या आत एकेक हुली रोवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर आलं. दोरावरून अग्निशमन दलाचा जवान उतरला. आंटीने आपल्या हाताचं नावही काढलं नाही. "माझा भाऊ?"

"पोचले. इंजिनात पाणी शिरलं होतं, वल्ही मारत हालावाला आले. रात्रभर आमचं डोकं खाल्लं."

आंटीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"मी वर धावत जाऊन हुली आणते," मी म्हटलं.

"वारा परत सुटलाय," जवान वर बघत म्हणाला. "थांबता येणार नाही."

"आणि काल लावलेलं आज उपटायचं?" आंटी म्हणाली. "मूळ धरू दे त्याला. चल."

दवाखान्यात अंकल खाटेशी बसला होता. त्याचे तळवे फोडांनी भरले होते.

"मिळाला का?" त्याने विचारलं.

"मिळाला."

"मग?"

"लावला."

"कुठे?"

"होता तिथेच."

अंकलने मान खाली घातली. मग म्हणाला, "ताई, मी तो फोन पुन्हा—"

"काइपो," आंटी म्हणाली, "हात दुखतोय. पाणी दे."

तो इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली.