दुसरा खेळाडू

भीती वाटायला रात्रच लागते असं तुम्हाला कुणी सांगितलं? वैशाखात आमच्या नांदेडला या आणि भर दुपारी घरात बसून बघा. गल्लीत चिटपाखरू नसतं, कुत्री नालीत पोट टेकून पडलेली असतात, आणि लाईट गेली की पंख्याची घरघरही थांबते. मग घरात जे काही असतं ते ऐकू यायला लागतं. ही गोष्ट अशाच दुपारची आहे. सुरुवात मात्र अगदी साधी झाली, म्हणजे रेणुका वरच्या मजल्यावर एक खेळ मागायला गेली तिथून.

विष्णुपुरीच्या कॉलनीत रेणुका आणि तिची माय पार्वतीबाई, दोघीच राहायच्या. रेणुका शाळेत शिकवायची, आणि तेव्हा सुट्ट्या लागल्या होत्या. मायला हिवाळ्यात पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. माय मोठी गमतीची बाई. आल्यागेल्याला सांगायची, "हा हात माझा न्हाई बाई, कुणीतरी सांभाळायला देऊन गेलंय." लोक हसायचे आणि रेणुका स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. तिला दुसरं काही नको होतं. मायनं पुन्हा एकदा उजव्या हातानं घास खावा, एवढंच.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या दीपमाला मॅडम म्हणाल्या, "नुसत्या व्यायामाला कंटाळतात हो त्या. हाताला काहीतरी खेळ द्या."

वरच्या खोलीत आदर्श नावाचा इंजिनिअरिंगचा पोरगा भाड्यानं राहायचा. त्याच्याकडे बॉक्सिंगचा एक खेळ होता. टीव्हीखाली एक लांबट काळा कॅमेरा ठेवायचा, त्याला पोरं 'डोळा' म्हणायची. हातात काही धरायचं नाही. डोळ्यासमोर उभं राहून हवेत ठोसे मारायचे, की पडद्यावरचा आपला गडी तसेच ठोसे मारतो. रेणुकानं विचारलं, "कसा हाय रे खेळ? मायला जमेल का?" झालं! खोलीत जमलेल्या सगळ्या पोरांना कंठ फुटला.

"ताई, लई स्लो हाय. मी ठोसा मारतो आन् माझा गडी जेवून येऊन मारतो."

"काही काय बोलतो बे? घाम निघतो की! माझं पोट उतरलं त्याच्यानं."

"पोट हाय तिथंच हाय तुझं. ताई, समोरचा पैलवान एक नंबर चीटर हाय. किती हाणा, पुन्हा उठतो."

आदर्शनं सगळ्यांना गप्प केलं आणि सामान उचललं. "खुर्चीत बसूनपण खेळता येतो, ताई. न्या तुम्ही. मी लावून देतो, नाहक फिकर करू नका."

आता तुम्हाला रेणुकाच्या बाबांबद्दल सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं उमगायचं नाही. व्यंकटीराव धरणावर गेट चालवायला होते. गेट उघडलं की पाण्याचा आवाज असा उठतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलायची. हात कमरेपासून हळूहळू खांद्यापर्यंत नेला, की 'उचल'. हात लांब करून आपल्या खांद्याकडे ओढला, की 'चल, पाळी संपली, निघून ये'. आणि मूठ छातीशी धरली, की 'थांब'. दोन कायदे होते. समोरच्यानं तीच खूण परत करून दाखवल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. आणि थांब म्हणजे मूठ छातीशी आहे तोवरच थांब. मूठ खाली आली, की काम पुढे चालू.

एकदा खाली नदीच्या पात्रात मेंढरं शिरली होती. ती बाहेर निघेपर्यंत व्यंकटीराव मूठ धरून उभे राहिले. हात कापायला लागला तेव्हा त्यांचे जोडीदार शिवमूर्ती जवळ आले, त्यांनी आधी आपली मूठ छातीशी नेली आणि मगच व्यंकटीरावांनी हात खाली सोडला. हा किस्सा त्यांनी घरी इतक्यांदा सांगितला होता की मायलेकींना तोंडपाठ झाला होता. घरीही ते अशाच खुणा करायचे आणि माय भाकरी थापता थापता तीच खूण परत करायची. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मात्र हात झटकायचे. "भूतबीत काय नसतं. पाण्याला भ्या." असा तो माणूस तीन वर्षांमागं झोपेतच गेला. कुणाला काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. माय त्याच्यावर अजून त्याचाच राग धरून होती.

खेळ सुरू झाला. माय खुर्चीत बसून डाव्या हातानं ठोसे हाणायची आणि पैलवानाला शिव्या द्यायची. "ये मुडद्या, ये!" पोरं हसून हसून बेजार व्हायची. ती दुपारची खाली यायची, मायसोबत खेळायची आणि खेळाला नावंही ठेवायची. पण आठवडाभरात त्यांच्या तक्रारीत एक नवीनच गोष्ट आली.

"ताई, खाली आणल्यापासून डोळा बिघडलाय," आदर्श म्हणाला. "मावशी एकट्याच समोर बसतात, तरी दुसरा खेळाडू येतो."

दुसरं माणूस डोळ्यासमोर आलं की पडद्यावर निळ्या गंजीतला दुसरा गडी उभा राहायचा, अशी त्या खेळाची रीत होती. पण मायजवळ कुणीच नव्हतं. बाजूला बाबांचा रिकामा पलंग, त्याच्यावर भिंतीला बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, बस्स.

"आन् लई बेकार खेळतो तो," दुसरा पोरगा म्हणाला. "मारतच न्हाई. नुसता हात वर करून राहिलाय."

रेणुकानं पडद्याकडे पाहिलं. निळा गडी पैलवानाकडे पाठ करून उभा होता. त्याचा हात कमरेपासून खांद्यापर्यंत हळूहळू वर जात होता... पुन्हा खाली येत होता... पुन्हा वर.

तिनं मायकडे पाहिलं. माय शिव्या द्यायची थांबली होती, आणि तिच्या मांडीवरच्या हाताची बोटं हलत होती.

पोरं गेल्यावर रेणुका दाराला टेकून हळूच म्हणाली, "माय... बंद करू का?"

"कशाला?" मायचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. "बघ की, उचल म्हणून राहिलेत. त्यांना कुठं ठाऊक माझा हात मेलाय ते."

त्या दिवसापासून माय खेळली नाही, नुसती ती खूण करायला लागली. पहिल्यांदा मनगट उचललं, मग कोपरापर्यंत हात उठला. निळा गडी न कंटाळता दाखवत राहायचा. माय दमली की तोही थांबायचा. दीपमाला मॅडम हरखून गेल्या. रेणुकाला धड हसता येईना, धड रडताही येईना. पण एका सकाळी मायनं उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवून तोंडात घातला. वरण हनुवटीवरून ओघळलं. रेणुकानं ते पदरानं पुसलं आणि मायच्या गळ्यात पडून पोटभर रडली. मनात म्हणाली, बाबा, तुम्ही असाल तर असा. राहा इथंच.

त्याच दुपारी मायचा हात पहिल्यांदा पुरा खांद्यापर्यंत गेला.

पडद्यावरचा पैलवान नाहीसा झाला. खेळातल्या लोकांचा गलका बंद पडला. निळा गडी रिंगणाच्या दोरीजवळ येऊन उभा राहिला, अगदी समोर. घरात नदीच्या गाळाचा ओला वास आला. त्यानं हात लांब केला आणि सावकाश आपल्या खांद्याकडे ओढला.

चल. पाळी संपली. निघून ये.

आणि रेणुकाच्या लक्षात आलं. खूण परत मिळाल्याशिवाय न हलणारा माणूस तो! मेलेल्या हातानं माय काय उत्तर देणार होती? म्हणून आधी हात बरा केला...

आणि मायचा हात लांब झाला होता. जन्मभराची सवय ती. त्यानं खूण करायची आणि हिनं भाकरी थापता थापता ती परत करायची. हात लांब होऊन वळायलाही लागला होता.

"माय!" रेणुका किंचाळली. "माय, नको गं! मी एकटी काय करू?"

मायचा हात अधांतरी थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग बोटं मिटली आणि मूठ छातीशी गेली.

थांबा.

निळा गडी जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानंही मूठ छातीशी नेली आणि शहाण्या माणसासारखा दोरीजवळ खाली बसला.

"ऐकलं बघ त्यांनी," माय म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "नाहक भेलीस. मरण कुणाला विचारून नेतं का गं? ते गेले तेव्हा त्यांना कुणी विचारलं? मला मात्र विचारायला आले बघ."

रेणुकानं त्याच पावली खेळ गुंडाळून वर पोचवला. वाटलं, सुटलो.

पण मायची मूठ सुटेना. जेवताना छातीशी, बसताना छातीशी. दीपमाला मॅडम म्हणाल्या की हाताला ताठरपणा आलाय, झटक्यानंतर होतं असं, तेल लावून एकेक बोट उघडा. रेणुका तेलाची वाटी घेऊन बसली तर मायनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "ताठला न्हाई बाई तो. मी धरलाय." माय झोपेना. डुलकी लागून मूठ जरा घसरली की दचकून उठायची आणि पुन्हा वर न्यायची. डोळे खोल गेले. पुन्हा डाव्या हातानं, चमच्यानं खायला लागली. आठवडाभरात बाई अर्धी झाली.

"खेळ तर वर गेला, माय. सोड आता," रेणुका विनवायची. माय नुसती बाबांच्या पलंगाकडे बघायची.

मग एका दुपारी लाईट गेली आणि आदर्श जिना उतरून खाली आला. खुशीत होता. "ताई, खेळ एकदम ओके झाला बघा! वर नेल्यापासून दुसरा खेळाडू येतच न्हाई. आम्ही सगळ्यांनी खेळून बघितलं. तुमच्या घरातच काहीतरी गडबड होती."

"हाव," रेणुका म्हणाली. "असंल."

तिनं दार लावलं. घरात पंखा बंद, कशाचाच आवाज नाही. गाळाचा वास मात्र होता, बारीकसा, बाबांच्या पलंगाच्या अंगाला. खुर्चीत मायची मान छातीवर पडली होती आणि मूठ कापत होती. कापत कापत खाली घसरत होती.

पलंगाची पट्टी करकरली. कुणीतरी उठायच्या बेतात असल्यासारखी.

रेणुका धावली नाही, ओरडलीही नाही. तिला मेंढरांचा किस्सा आठवला. ती माय आणि पलंगाच्या मधे जाऊन उभी राहिली, आधी आपली मूठ छातीशी नेली, आणि मग कानाशी वाकून म्हणाली, "माय, सोड. दमलीस तू. मी धरलीय."

मायनं डोळे किलकिले करून तिच्या मुठीकडे पाहिलं. लहानपणी रेणुका शाळेत पहिली आली तेव्हा पाहिलं होतं तसंच. मग तिची बोटं एकेक करून उघडली, हात मांडीवर आला आणि तिला गाढ झोप लागली.

पट्टी पुन्हा एकदा करकरली आणि थांबली. समोर टीव्ही बंद होता, त्याची पिनसुद्धा काढलेली. काळ्या काचेत रेणुकाला स्वतःची उभी सावली दिसली, मागं माय झोपलेली दिसली. पलंगावर बसलेलं माणूसही दिसलं, मूठ छातीशी धरलेलं. इतके दिवस त्याची मान मायकडे वळलेली असणार. आता ती रेणुकाकडे वळली होती.

"बाबा," ती कुजबुजली, "बसा. चहा टाकते."

ऊन उतरल्यावर माय जागी झाली. मोकळ्या उजव्या हातानं तिनं तोंड पुसलं, केस सारखे केले. किती दिवसांनी भूक लागली होती तिला! चहाचा वास आला म्हणून तिनं स्वयंपाकघरात डोकावलं. रेणुका डाव्या हातानं चहा गाळत होती. निम्मा ओट्यावर सांडला होता. उजवी मूठ छातीशी होती आणि खांदा आत्ताच दुखायला लागलेला चेहऱ्यावर दिसत होता.

मायचा हात आपोआप छातीकडे निघाला. रेणुकानं मान हलवली.

"न्हाई, माय. तू चहा घे. आता माझी पाळी हाय."