खिडकीच्या अलीकडची रेघ

आमच्या सुनेची, त्रिशलाची, एक खोड मला पहिल्यापासून खुपते. काही विचारा, "बघू की, आत्ती" याच्यापुढं शब्द नाही. घराला मागं नवी खोली जोडायचं ठरलं, खोली तिची आणि माझ्या कुमारची, तरी नकाशासमोर ही आपली मान हलवत उभी.

त्या खोलीनं स्वयंपाकघराची मावळतीकडची खिडकी बुजणार होती. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. सगळ्यांना वाढून मी शेवटी त्याच खिडकीशी ताट घेते, उन्हाकडं बघत. बेळगावचा इंजिनिअर स्वरूप म्हणाला, तिथं लाइट लावू. मी म्हटलं, बुजवा. अडून बसणं माझ्या स्वभावात नाही.

पाया खणायच्या सकाळी गवंडी खोळंबले. चुन्यानं मारलेली आखणी एका बाजूला झाडून टाकलेली, आणि नवी रेघ खिडकी मोकळी सोडून अलीकडंच वळवलेली. सरळ, बारीक, सणाच्या रांगोळीसारखी.

आमच्या मालकांनी स्वरूपवर खापर फोडलं. तो म्हणाला, चुन्याची पिशवी काल संध्याकाळपासून माझ्या गाडीत कुलपात आहे. कुमार उद्यमबागेतल्या कारखान्यातली रात्रपाळी करून आत्ता बसमधून उतरलेला. मालकांना विचारलं, तर शपथ घेता घेता बशीतला चहा धोतरावर. हात कापतो त्यांचा. सकाळी मुंग्यांना साखर घालतात तीसुद्धा पायावर सांडते.

त्रिशला चपात्या लाटत होती. भाकरी का नाही, म्हटलं. जोंधळ्याचं पीठ संपलं म्हणाली. परवाच दळून आणलेलं.

मी परत परसात गेले, वाकून रेघ बघितली आणि सगळ्यांना हाक मारली.

"बाकीच्या आखणीवर एक मुंगी न्हाय. ह्या रेघेवर जत्रा भरलीया," मी म्हटलं.

मालक विचारात पडले. "म्हंजे मुंग्यांनी सरकवली?"

"मुंगी चुन्याला तोंड लावत न्हाय. हे पीठ हाय. स्वरूपकडं चुना होता, त्याला पीठ कशाला लागतंय? कुमार घरात नव्हता. तुमच्या हातनं अशी रेघ उभ्या जन्मात व्हायची न्हाय. राहिलं कोण? परवाचं पीठ आज संपलं म्हणणारी."

कुमार म्हणाला, आपलीच खोली कोण लहान करून घेतंय?

त्रिशला खाली बघत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला पुरं वाक्य ऐकवलं. "तुमी उनाकडं बघत जेवता, आत्ती. लाइटकडं बघून घास उतरंल काय?"

मी स्वरूपला सांगितलं, रेघ आहे तिथंच खणा. मग तिच्याकडं वळले.

"हात झ्याक हाय तुझा, त्रिशला. पर ह्याच्या म्होरं मनात आलं की तोंडानं बोलायचं. पुन्यांदा पीठ परसात सांडलंस, तर मुंग्यांच्या पंगतीला वाढायला तुलाच बसवीन. आन् आज सांजच्याला तुझंबी ताट खिडकीशी घे."